साने गुरुजी मार्गावरची भिंत

(दृश्य: पहाट. कफ परेडची मच्छीमार नगर. ओढून ठेवलेल्या होड्या, जाळी निवडणारे हात.)

अनोळखी होडी कोळ्याला लांबूनच कळते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री बधवार पार्कच्या या किनाऱ्याला एक रबरी होडी लागली. तरुण पोरं उतरली, पाठीवर जड पिशव्या. कोळीवाड्यातल्या माणसांनी त्यांना हटकलंही. पोरं गुर्मीत बोलली आणि चालती झाली.

तिथे काय बोलणं झालं ते पुढे कोर्टात साक्ष म्हणून नोंदलं गेलं. आपली गोष्ट त्या कोर्टाची आहे.

(दृश्य: गेटवे. पर्यटक, कबुतरं, मागे ताजचा घुमट.)

जगाला मात्र त्या दहशतवादी हल्ल्यातला आठवतो तो हा घुमट आणि त्यातून निघणारा धूर. साठ तास जगभरच्या वाहिन्या इथे कॅमेरे रोखून उभ्या होत्या. एकूण १६६ माणसं गेली. त्यातली पन्नासहून जास्त एकट्या सीएसटीच्या हॉलमध्ये, गावाकडच्या गाडीची वाट बघत सामानावर टेकलेली. तिथे थेट प्रक्षेपण नव्हतं. समोरच्या टाइम्सच्या इमारतीतून धावत गेलेल्या एका छायाचित्रकाराने फोटो काढले. रायफल हातात घेतलेला तो पोरगा सगळ्या जगाने पाहिला तो त्याच्या फोटोत.

(दृश्य: सीएसटी. मेटल डिटेक्टरच्या चौकटी. दिवे लुकलुकतात, माणसं थांबत नाहीत.)

या चौकटी आम्ही बराच वेळ चित्रित केल्या. आवाज होतो, दिवा लागतो, कुणी वळूनही बघत नाही.

परदेशी वृत्तपत्रांनी या हल्ल्याला ‘भारताचं नाइन-इलेव्हन’ म्हटलं. त्या नावातच पुढचा प्रश्न दडलेला होता: मग आता विमानं कधी उडणार? २००१ मध्ये न्यूयॉर्कवर हल्ला झाल्यावर अमेरिकेने महिन्याच्या आत अफगाणिस्तानवर बाँब टाकले होते. आपल्याकडेही तेच मागणारे कमी नव्हते. विमानं उडाली नाहीत. गृहमंत्र्यांनी राजीनामा दिला, मुख्यमंत्र्यांनीही दिला, डिसेंबरमध्येच एनआयए या दहशतवादाच्या तपास यंत्रणेचा कायदा झाला, मुंबईत एनएसजी कमांडोंचा तळ आला. त्या सगळ्याच्या फायली आहेत, चित्रं नाहीत.

(दृश्य: गिरगाव चौपाटी. तुकाराम ओंबळे यांचा पुतळा. कुणीतरी घातलेला हार.)

सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे, गाव केडंबे, जिल्हा सातारा. हातात काठी. त्यांनी समोरच्याच्या रायफलची नळी धरली आणि सोडली नाही. गोळ्या पोटात गेल्या, पण फोटोतला तो पोरगा, अजमल कसाब, जिवंत सापडला.

जिवंत सापडला म्हणून खटला उभा राहिला.

(दृश्य: सात रस्ता, साने गुरुजी मार्ग. आर्थर रोड तुरुंगाची उंच भिंत. कॅमेरा भिंतीला लागून सरकतो.)

आत कॅमेरा नेता येत नाही. भिंत मात्र हवी तितकी दिसते. याच भिंतीआड खास न्यायालय बांधलं गेलं. कसाबच्या कोठडीपासून कोर्टापर्यंत बाँबलाही दाद न देणारा बंदिस्त मार्ग. पहाऱ्याला इंडो-तिबेट सीमा पोलीस. न्यायाधीश एम. एल. ताहिलियानी, सरकारी वकील उज्ज्वल निकम. आरोपपत्र अकरा हजारांहून जास्त पानांचं.

आणि आरोपीला वकील नाही.

वकिलांच्या संघटनेने ठराव केला होता, याचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही. कोर्टाने ज्या वकीलबाईंना नेमलं त्यांच्या वरळीच्या घरावर दगड आले. पुढे वेगळ्याच कारणाने त्यांची नेमणूक रद्द झाली, दुसरे वकील आले, काही महिन्यांनी तेही बदलले. लोक चहाच्या टपरीवर विचारत, याला वकील कशाला? प्रश्न रास्त वाटावा असेच ते दिवस होते. पण वकील नसता तर पुढचं काहीच टिकलं नसतं. अपिलात पहिल्याच फेरीत सगळं कोसळलं असतं.

जुलै २००९ मध्ये कसाबने भर कोर्टात उभं राहून गुन्हा कबूल केला. कुणीही म्हटलं असतं, चला, संपलं. न्यायाधीशांनी कबुली नोंदवून घेतली आणि साक्षी चालू ठेवल्या. त्याआधी जूनमध्येच पायाला गोळी लागलेली लहान मुलगी कुबड्या घेऊन आली होती आणि तिने बोट दाखवून त्याला ओळखलं होतं. छायाचित्रकारांनीही साक्ष दिली. कबुलीनंतर अमेरिकेच्या एफबीआयचे तज्ज्ञ आले आणि होडीच्या इंजिनापासून जीपीएस यंत्रापर्यंत एकेका मुद्देमालाविषयी बोलले. परदेशी तपास यंत्रणेची माणसं मुंबईच्या तुरुंगातल्या कोर्टात साक्ष देतात, हे दृश्य कुणी टिपलेलं नाही. आमचं नशीब.

(दृश्य: मरीन लाइन्स स्टेशनचा पूल. खाली बडा कब्रस्तान, झाडं, शांतता.)

कसाबचे नऊ साथीदार मेले होते. त्यांचे मृतदेह जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून होते. हे कब्रस्तान सांभाळणाऱ्या जामा मशीद ट्रस्टने सांगितलं, यांना इथे जागा नाही. वर्षभराहून जास्त ते मृतदेह तसेच राहिले. जानेवारी २०१० मध्ये सरकारने गुपचूप त्यांचं दफन केलं आणि एप्रिलमध्ये जाहीर केलं. बाहेरच्या पत्रकारांनी या नकाराबद्दल आदराने लिहिलं. खरं तर मुंबईकराला त्यात अचंबा वाटला नव्हता.

(दृश्य: पुन्हा भिंत. संध्याकाळची उन्हं.)

३ मे २०१०, निकालाचा दिवस. कसाब दोषी. आणि त्याच निकालात, त्याच न्यायाधीशांनी, दोन भारतीय आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं. हल्लेखोरांना नकाशे पुरवल्याचा आरोप होता, तो कोर्टाला पटला नाही. हायकोर्टात तेच, सुप्रीम कोर्टात तेच. शहर रागाने पेटलेलं असताना ‘याच्याविरुद्ध पुरावा नाही’ असं लिहायला हात किती घट्ट लागतो, याचा विचार करा. पण ती बातमी आतल्या पानात गेली, आणि परदेशात तर बहुतेकांच्या कानावरही नाही.

कानावर गेली ती बिर्याणी. कसाब तुरुंगात बिर्याणी मागतो, हे देशभर झालं. इतकी सौम्य लोकशाही, असा टोमणा बाहेरूनही आला, घरातूनही. २०१५ मध्ये निकम यांनीच जाहीर सांगितलं की ती गोष्ट त्यांनी रचलेली होती, आरोपीबद्दल सहानुभूती तयार होऊ लागली म्हणून. भल्या हेतूने असेल. पण आपल्याच चांगल्या खटल्याची आपणच केलेली ही बदनामी आहे, असं आम्हाला वाटतं.

(दृश्य: लिओपोल्ड कॅफे. भिंतीतल्या गोळ्यांच्या खुणा. एक परदेशी जोडपं फोटो काढतंय.)

न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याच्या सूत्रधाराला २००३ मध्ये पकडलं. ग्वांटानामोतला त्याचा खटला अजून निकालापर्यंत पोचलेला नाही. इथे खालच्या कोर्टाला वर्षभरापेक्षा थोडा जास्त वेळ लागला. या जोडप्याला हे सांगितलं तेव्हा ते हसून म्हणाले, हो का? आणि खुणेवर बोट ठेवून पुढचा फोटो काढला.

(दृश्य: काळा पडदा, मग भिंत.)

२१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी. देशाला नंतर कळलं. पाकिस्तानातल्या सूत्रधारांवरचा खटला रखडला. मुंबईतलेच सगळे खटले असे झाले नाहीत: २००६ च्या लोकल बाँबस्फोटांचा निकाल २०१५ मध्ये लागला, आणि जुलै २०२५ मध्ये हायकोर्टाने दोषी ठरलेल्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली.

(दृश्य: दुपार. तुरुंगाबाहेर मुलाकातीसाठी नातेवाइकांची रांग. प्लॅस्टिकच्या पिशव्या, कडेवर मूल, हातात आधार कार्डाची झेरॉक्स.)

ही रांग आम्ही मुद्दाम टिपायला गेलो नव्हतो. भिंतीचं चित्रण करताना ती चौकटीत आली. आत बहुतेक कच्चे कैदी आहेत, म्हणजे खटला चालायचा आहे असे. रांगेतल्या एका मावशींना विचारलं, मुलाची तारीख कधी? त्या म्हणाल्या, मागची पडलीच नाही, पुढची लागेल तेव्हा.