शिक्क्यातली देवी

श्रोतेहो, १५ ऑगस्ट १९४९ रोजी स्वतंत्र भारताने सोळा तिकिटांची पुरातत्त्व मालिका काढली. तीत आपल्या घारापुरीची त्रिमूर्ती होती, भुवनेश्वरचे लिंगराज आणि खजुराहोचे कंदरिया महादेव ही मंदिरे होती. देवीचे देऊळ मात्र एकही नव्हते. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. तिकीट साऱ्या देशासाठी निघते, आणि देवी आधी आपल्या गावची असते. म्हणूनच तिकिटापेक्षा त्यावर उमटणारा सचित्र शिक्का तिला अधिक शोभतो, असे माझे मत आहे. कारण तो शिक्का एकाच टपाल कार्यालयाचा असतो आणि त्यावर त्याच गावाचे नाव कोरलेले असते.

मदुराईच्या मीनाक्षी मंदिराचा असा कायमस्वरूपी सचित्र शिक्का आहे. विशेष आवरणासाठी, म्हणजे एखाद्या प्रसंगानिमित्त काढलेल्या खास पाकिटासाठी, केलेला शिक्का सहसा एका दिवसापुरता असतो. हा मात्र रोज मिळू शकतो. पत्रपेटीत टाकलेल्या पत्रावर साधा तारखेचा शिक्का बसतो, सचित्र शिक्का हवा असेल तर खिडकीवर जाऊन तो मागावा लागतो, किंवा स्वतःचा पत्ता लिहिलेले आणि तिकीट लावलेले पाकीट तिथल्या पोस्टमास्तरांकडे विनंतीसह पाठवावे लागते.

आता कारागिराची अडचण पाहा. या मंदिराला चौदा गोपुरे, म्हणजे प्रवेशद्वारांवरचे उंच मनोरे, आहेत, दक्षिणेकडचे सर्वांत उंच गोपुर सुमारे ५२ मीटरांचे आहे आणि गोपुरांच्या मजल्यामजल्यांवर रंगीत मूर्तींची दाटी आहे. शिक्क्याला रंग नाही, छटा नाही. आहे ती फक्त रेषा, आणि शाई थोडी जास्त झाली की तीही भरून जाते. एवढ्या लहान जागेत मंदिर ओळखू यावे, तर काय ठेवायचे यापेक्षा काय गाळायचे हे आधी ठरवावे लागते. शिवाय तिकिटावरच्या देवळावर शाई बसते. शिक्क्यातले देऊळ स्वतःच शाई होऊन उमटते. देवीच्या चित्रावर ठसा मारताना ज्या भाविकाचे मन कचरते, त्याला हा फरक लगेच कळेल.

मध्ये चित्र आणि कडेने गावाचे नाव व तारीख, अशी या शिक्क्यांची सर्वसाधारण मांडणी असते. मदुराईची जुनी वस्तीही तशीच आहे: मध्ये मंदिर आणि त्याला वेढणारे, आडी, चित्तिरै, मासी अशा तमिळ महिन्यांची नावे मिरवणारे रस्ते. त्या मंदिरात सुंदरेश्वराच्या रूपाने शिवही आहेत, पण भाविक पहिले दर्शन मीनाक्षीचे घेतात आणि मंदिर ओळखले जाते तेही तिच्याच नावाने.

मुंबईकरांना हे वेगळे सांगायला नको. मुंबादेवीचे मूळ देऊळ बोरीबंदरच्या परिसरात होते, जिथे १९१३ साली पूर्ण झालेली आपली जीपीओची, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयाची, इमारत उभी आहे. १९९५ मध्ये शहराचे अधिकृत नाव बदलले, आणि तेव्हापासून इथल्या साध्या तारखेच्या शिक्क्यातही, कोणतेही चित्र नसताना, देवीचे नाव उमटते.