माईंची दोरी आणि बुधवारची गाडी

नमस्कार श्रोतेहो.

सकाळी साडेसहाला इथे गोव्यात, आमच्या वसाहतीत, पोदेराचा म्हणजे घरोघर पाव आणणाऱ्याचा भोंपू वाजतो. तो वाजला की गॅस बारीक करायचा, पिशवी घ्यायची आणि फाटकाशी जायचं. पावसात येतो, चतुर्थीला येतो, सायकलीवरच्या टोपलीला निळं प्लास्टिक गुंडाळून येतो. त्याच्या येण्याची पत्रकं कुणी वाटली नाहीत, त्यासाठी कुठे फलक लागले नाहीत. तरी अख्ख्या वाड्याला त्याची वेळ पाठ आहे.

आज मला बोलायचं आहे ते घरातल्या सुक्या कचऱ्याबद्दल. शहरातल्या प्रत्येक दारातून तो वेगळा गोळा करायचा तर व्यवस्था कशी आखावी, याबद्दल. आणि सुरुवात पोदेरापासून केली, कारण कचऱ्याच्या गाडीने त्याच्याकडूनच शिकावं असं मला वाटतं. ठरलेला दिवस, ठरलेली वेळ, ओळखीचा आवाज. हे तीन शब्द मी पुन्हा सांगणार आहे, तेवढे लक्षात ठेवा. दिवस, वेळ, आवाज.

पोदेराचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते, पाव कापडी पिशवीतच घ्यावा. गरम उंडा, म्हणजे आपला गोल पाव, प्लास्टिकमध्ये घामेजतो आणि त्याचं खरपूस कवच मऊ पडतं. इतक्या पहाटे उठून भट्टी पेटवणाऱ्या माणसाच्या कष्टाचं आपण असं करू नये.

ओलं कुठलं आणि सुकं कुठलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. २०१६ च्या घनकचरा नियमांपासून आपण ते ऐकत आलो आहोत. त्याच वर्षी उत्तर गोव्यात साळगावचा कचरा प्रकल्प सुरू झाला. पठारावर जिथे कचऱ्याचे ढीग पडत होते, तिथे ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि त्यातून वीज होऊ लागली. रोजच्या १०० टनांसाठी बांधलेला तो प्रकल्प पुढे २५० टनांपर्यंत वाढवावा लागला. दक्षिण गोव्यात काकोड्याला दुसरा उभा राहिला. पणजीने तर रस्त्यावरच्या कुंड्या काढून घरोघर जाण्याचा मार्ग फार आधी धरला, आणि पुढे वसाहतींमधून सोळा प्रकारांत कचरा वेगळा करण्यापर्यंत मजल मारली. दुसऱ्या बाजूला मडगावचा सोनसोडोचा कचऱ्याचा ढीग आहे. २०१९ च्या मे महिन्यात त्याला केवढी आग लागली होती, ते मडगावकरांना विचारा.

म्हणजे यंत्रं आली, शेड आल्या. पण त्या शेडपर्यंत पुठ्ठा कोरडा पोचतो की आमटीत भिजून, हे ठरतं आपल्या फाटकाशी. त्याचीच गोष्ट सांगते.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर माई राहतात. पंचाहत्तरी उलटली आहे. त्यांच्या बाल्कनीत कपड्यांच्या दोरीखाली आणखी एक बारीक दोरी आहे. तिच्यावर चिमटे लावून दुधाच्या पिशव्या वाळत असतात. धुतलेल्या, आतली बाजू बाहेर काढलेल्या. कधी तेलाची पिशवी, कधी रव्याची. रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी माईंची दोरी दिसते, मग इमारत. मी वसाहतीची सचिव. सुका कचरा वेगळा द्या म्हणून मी चोवीस घरांचे दरवाजे वाजवले होते, पण खरं सांगते, माझ्या सांगण्याने फार तर सहा घरं वळली. बाकीची वळली ती माईंची दोरी बघून. समोरच्या सुनेने आपल्या खिडकीला दोरी बांधली, खालच्या मजल्यावरच्या मास्तरांनी बांधली. श्रावणापर्यंत एकोणीस घरं सुका कचरा वेगळा देत होती.

श्रावणातल्याच एका सकाळी माई तुळशीला पाणी घालत होत्या. खाली गाडी आली. माईंनी बाल्कनीतून पाहिलं, गाडीवरच्या मुलाने त्यांची पिशवी उचलली. आठवडाभर धुऊन, वाळवून, घडी करून बांधलेली पिशवी. आणि ती त्याने मासळीच्या खवल्यांवर, नारळाच्या चोथ्यावर, ओल्या कचऱ्याच्या ढिगावर टाकली.

माईंचे गुडघे दुखतात. त्या सहसा जिना उतरत नाहीत. त्या दिवशी कठड्याला धरून तिन्ही मजले उतरल्या आणि गाडीसमोर उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. त्या मुलाला एवढंच विचारलं, "बाळा, मी वेगळं दिलं होतं ना रे?"

तो खाली मान घालून म्हणाला, "माई, हांव कितें करूं? गाडयेंत एकूच खण आसा."

श्रोतेहो, मी तिथेच होते. आपल्या घरी आलेल्या पाहुण्याला वाढायला काही नसलं की माणसाचा चेहरा होतो, तसा त्या मुलाचा झाला होता. गाडीत एकच खण. वेगळं दिलेलं ठेवायला त्याच्याजवळ जागाच नव्हती. आम्ही महिनोन्‌महिने वेगळं करत होतो आणि तो महिनोन्‌महिने ते एकत्र करत होता, आणि दोघांचाही त्यात दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी माईंची दोरी रिकामी. तिसऱ्या दिवशीही रिकामी. आठवड्याने समोरच्या सुनेची दोरी निघाली, मग मास्तरांची. तीन आठवड्यांनी मी मोजली तर वेगळं देणारी पाच घरं उरली होती.

मी माईंची समजूत घालायला वर गेले. मनात थोडी चिडलेही होते. माईंनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, पिशव्या धुवायला मी भांड्यांचं शेवटचं पाणी वापरते. तेवढ्यासाठी वेगळी उभी राहते ओट्याशी. गाडीचा मला राग नाही. पण माझं धुतलेलं कुणी पुन्हा चिखलात टाकणार असेल, तर मी का धुवू?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजही नाही.

नगरपालिकेत गेले. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं, दोन खणांची नवी गाडी मागितली आहे म्हणाले, पण ती यायला वेळ लागणार होता. मी निराश होऊन परत आले. उपाय सुचवला तो त्या गाडीवरच्या मुलाने. तो म्हणाला, बाई, खण एक आहे तर दिवस दोन करा. बुधवारी फक्त सुका कचरा घेतो, त्या दिवशी ओला घ्यायला दुसरी गाडी आधी येऊन जाईल. इतकं सोपं. आठवड्याच्या आठवड्याला गाडीवर उभा राहणारा माणूस आराखडा करताना कुणी विचारातच घेतला नव्हता. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, शहराची योजना आखायला बसाल तेव्हा टेबलाशी पहिली खुर्ची त्याला द्या.

पण माईंचा विश्वास परत यायला एवढं पुरेसं नव्हतं. त्या म्हणाल्या, मला बघायचं आहे. मग एका बुधवारी रिक्षा करून मी त्यांना सुका कचरा निवडतात त्या शेडमध्ये घेऊन गेले. तिथे सात-आठ बायका बसून हाताने निवडत होत्या. पुठ्ठा इकडे, बाटल्या तिकडे, पातळ प्लास्टिक आणखी एका गोणीत. माईंनी त्यांच्यातल्या एकीचा हात हातात घेतला. दोन बोटांना चिंधी बांधलेली. कुणीतरी फुटलेला ग्लास तसाच पिशवीत टाकला होता. माई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मग त्या बाईने माईंना एक गोष्ट दाखवली. दुधाच्या पिशवीचा कोपरा आपण कात्रीने कापतो आणि टाकून देतो. तो नखाएवढा तुकडा निवडताना हाताला लागत नाही, मातीत जातो, गटारात जातो, पावसात वाहून समुद्रात जातो. कोपरा पूर्ण कापू नका, पिशवीलाच लटकत राहू द्या, मग सगळी पिशवी आमच्याकडे येते, असं ती म्हणाली. हे पुन्हा सांगते. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका. लटकत राहू द्या.

संध्याकाळी माईंच्या दोरीवर पिशवी होती, लोंबत्या कोपऱ्यासकट. आणि त्या दिवसापासून आमच्या इमारतीत फुटलेली काच जाड वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळी दिली जाते. ती खूणही माईंचीच.

या गोष्टीने माझा बराच वेळ घेतला, पण योजनेचं बहुतेक सगळं त्यात आलं. राहिलेलं थोडक्यात सांगते.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. भिजलेल्या कागदाला, पुठ्ठ्याला भाव नाही. ज्या पातळ प्लास्टिकचं पुन्हा काही होत नाही, ते गोव्यातून कर्नाटकातल्या सिमेंटच्या कारखान्यांत जाळायला जातं. ते ओलं असलं तर घाटापलीकडे आपण पाणीच वाहून नेतो. म्हणून सुक्या कचऱ्याची गाडी वरून बंद हवी, आणि गाडी येईपर्यंत पिशवी ठेवायला इमारतीखाली छपराची जागा हवी. गाडी शिरणार नाही अशा वाड्यांवर हातगाडी हवी. बुधवारच्या गाडीचा आवाज रोजच्या गाडीहून वेगळा हवा, म्हणजे आतल्या खोलीतल्या म्हाताऱ्या माणसालाही कळेल. दिवस, वेळ, आवाज. पर्यटकांना भाड्याने दिलेल्या फ्लॅटमध्ये पाहुणा दोन दिवस राहतो, त्याला आपला बुधवार कसा कळणार? तिथली जबाबदारी मालकाने घ्यायला हवी, आणि योजनेत ती लिहूनच ठेवायला हवी. भंगारवाले दादा रद्दी, बाटल्या नेतात, त्यांचं पोट मारून योजना उभी करू नका. त्यांनाही शेडमध्ये जागा द्या.

आणि अख्ख्या शहरात एकदम सुरू करू नका. आधी एका प्रभागात करून बघा. पण महिनाभराचा प्रयोग पुरणार नाही. त्या प्रयोगातून एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या आणि एक चतुर्थी जाऊ द्या. चतुर्थीच्या आठवड्यात घराघरातून किती खोकी, किती वेष्टनं निघतात, ते पाहिल्याशिवाय किती गाड्या लागतील हे कुणालाच सांगता येणार नाही.

चतुर्थीवरून मनात आलं ते बोलते. गणपतीच्या वर टांगलेली आपली माटोळी बघा. रानातली फळं, पानं, सुपाऱ्या, नारळ, सगळं विसर्जनानंतर मातीत किंवा पोटात जातं. तिच्याखाली आपण थर्माकोलचं मखर ठेवतो, ते मला बघवत नाही. माझ्या सासऱ्यांच्या वेळचं लाकडी मखर आजही आमच्याकडे आहे. दर वर्षी पुसायचं, एखादा खिळा ठोकायचा, झालं. ज्यांच्या माळ्यावर असं जुनं मखर पडून असेल, त्यांनी या वर्षी ते खाली काढावं.

वेळ संपत आली. दोन खणांची नवी गाडी आता आमच्याकडे येते, पण बुधवार आम्ही सोडलेला नाही. गाडीवरचा मुलगा आता खालून हाक मारतो, "माई, सुकें!" आणि माई वरून टोपली दोरीने खाली सोडतात. गुडघ्यांमुळे ही सोय त्या दोघांनीच केली.

आज मंगळवार. घरी जाऊन मला तेलाची पिशवी धुवायची आहे, उद्यापर्यंत वाळायला हवी. नमस्कार.