तांबड्या अंगावर येतो तेव्हा

हा पाय माझ्या भाचीचा. गुडघ्याच्या खाली मागच्या बाजूला दोन छोटे डाग दिसतायत ना, ते आता सुकलेत, पण मे महिन्यात इथून रक्त पार टाचेपर्यंत ओघळलं होतं. मुंबईहून सुट्टीत आलेली सात वर्षांची पोर, सकाळी ब्रश तोंडात घालून विहिरीकडे गेली, आणि तिनं पाठ फिरवली तसा हा मागून आला.

हा म्हणजे आमचा कोंबडा, तांबड्या. तेव्हा वय साडेपाच महिने, वजन जेमतेम दीड किलो, पायामागचा काटा अजून हरभऱ्याएवढाच होता त्यामुळे लागलं ते नखांनी. जखम नळाखाली धरून साबणानं नीट धुतली, डॉक्टरना दाखवलं, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. कोंबड्यानं मारलं त्यात काय एवढं असं म्हणून कृपा करून सोडून देऊ नका, ती नखं दिवसभर शेणामातीत उकरत असतात आणि वरून टाचणीएवढी दिसणारी जखम आत खोल गेलेली असते. आणि लहान मुलांचा तर चेहराच कोंबड्याच्या उडीच्या टप्प्यात असतो, त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर सारखं तेच येत होतं.

संध्याकाळपर्यंत निकाल लागलेला होता, कापा आणि वडे करा. एकानं तर विकत मागितला, झुंजीसाठी. त्याला मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. पायाला ब्लेड बांधून दोन जीव एकमेकांवर सोडायचे आणि वर पैसे लावायचे, १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यानं तो गुन्हा आहेच, पण कायदा नसता तरी मी दिला नसता.

कारण तांबड्या असा झाला त्यात माझा हात आहे. डिसेंबरमध्ये खुडूक बसलेल्या कोंबडीनं अकरा पिल्लं काढली, आठव्या दिवशी मुंगसानं तिला नेलं, पिल्लंही गेली आणि हा एकटा उरला. मी त्याला खोक्यात बल्बखाली ठेवला, हातावर कण्या भरवल्या, खांद्यावर घेऊन फिरलो. तेव्हा फार गोड वाटायचं. पण कोंबडीच्या मागून वाढलेलं पिल्लू माणसापासून दोन हात लांब राहायला शिकतं आणि मोठ्या कोंबड्याचा मार खाऊन आपली जागाही शिकतं. याला दोन्ही मिळालं नाही. त्याच्या हिशोबात मी, माझी भाची, आमची काकी, सगळे त्याच्याच कळपातले, आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात अंगात रग आल्यावर कळपातल्याशी जे करायचं तेच तो आमच्याशी करायला लागला.

आता हा शॉट जरा हळू करून दाखवतो. मान खाली गेली बघा, मानेची पिसं फुगली, डावा पंख जमिनीला टेकवून तो तिरका तिरका चालतोय, आणि मधेच जमिनीवर टोचतोय, पण तिथे दाणा नाहीये, चोचीत काहीच येत नाहीये. हे दिसलं की समजायचं, आता उडी येणार. हे मला आधी माहीत असतं तर भाचीला लागलंच नसतं.

पहिल्या दिवशी मी काठी उगारली तर काकी ओरडली, "मारू नको तेका, मारलंस तर आणखीच अंगार येतलो!" आणि तसंच झालं, काठी बघितली की तो लांबून धावत यायला लागला. लाथ मारली की त्याला वाटतं झुंज कबूल झाली, पळालो की वाटतं जिंकलो. मग काकीनं माझ्या हातात सूप दिलं. सूप पायांसमोर आडवं धरायचं, जागेवरून हलायचं नाही, त्यानं दोन-तीन उड्या सुपावर मारल्या की सावकाश त्याच्याच दिशेनं चालायला लागायचं, तो बाजूला होईपर्यंत. मग उचलायचा, दोन्ही पंख काखेत दाबून, पाय हातात धरून, आणि तसंच घेऊन दहा मिनिटं झाडांना पाणी घालत फिरायचं. ओरडायचं नाही, मारायचं नाही. हातावर दाणा भरवणं त्या दिवसापासून बंद.

दुसरी गोष्ट म्हणजे कोंबड्या नऊ आणि कोंबडे दोन, हा हिशोबच चुकलेला होता. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. आमच्या दोन तलंगांच्या, म्हणजे तरण्या कोंबड्यांच्या, पाठीची पिसं गेली होती, कातडी लाल दिसत होती, तिकडे मी लक्षच दिलं नव्हतं. मग मासेमारीचं जुनं जाळं बांधून तांबड्याला आठ दिवस वेगळं ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं, पण वेगळं. बाहेर सोडला तेव्हा आमचा म्हातारा पांढरा कोंबडा वाट बघत असल्यासारखा आला. अर्धा मिनिट झालं असेल, मी टोपली घेऊन बाजूलाच उभा, रक्त दिसलं तर झाकायला. गरज पडली नाही. तांबड्यानं मान फिरवली आणि फणसाखाली जाऊन उभा राहिला.

कळपात कोण वर आणि कोण खाली, ही चोचीनं ठरणारी उतरंड नॉर्वेच्या शेल्डेरूप-एबे या प्राणिशास्त्रज्ञांनी १९२१ मध्ये पहिल्यांदा नीट मांडली. आणि २०१५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की पहाटे पहिली बांग द्यायचा मान सगळ्यात वरच्या कोंबड्याचा, बाकीचे त्याच्यामागून पायरीपायरीनं. ते वाचल्यावर मी मोबाईल खुराड्याला टांगून ठेवला. हे रेकॉर्डिंग पहाटे पावणेपाचचं आहे, ऐका. हा जड, घोगरा आवाज पांढऱ्याचा. थांबा... आणि हा आता तांबड्या.

सगळे कोंबडे सुधारतात असं नाही. महिनाभर करूनही जो पोरांच्या अंगावर जातोच, तो कापावा लागतो, आणि त्याच्यापासून झालेली अंडी उबवायला ठेवू नयेत कारण स्वभाव पिल्लांत उतरतो. तांबड्यानं गेल्या सात आठवड्यांत सुपावर एकदाही उडी मारलेली नाही, पण सूप अजून दाराला लटकलेलंच आहे.

गणपतीत घर भरेल, भाची पण येणारे. तेवढे दिवस तांबड्या परत जाळ्यात, परसाचं बेडं, म्हणजे फाटक, बंद, आणि पोरं मुंबईला गेली की मग बाहेर.