1 ऑगस्ट : बंगालसाठी गायलेलं गाणं आणि डोळ्यांनी बघायचं गाणं

नमस्कार मंडळी! 1 ऑगस्ट उजाडला की आपल्या मोबाइलवर दोन फोटो हमखास येतात. लोकमान्यांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठेंची जयंती. 1920 साली एकाच तारखेला एक गेले, एक आले. पण आज बोलायचंय ते गाण्यांबद्दल. कारण लोकप्रिय संगीताच्या इतिहासात या तारखेनं बरंच काही करून ठेवलंय, आणि त्यातला मोठा भाग फिरून आपल्या मुंबईत येतो.

आधी चला न्यूयॉर्कला. 1 ऑगस्ट 1971, रविवार. मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे भलंमोठं सभागृह. दुपारी अडीचला एक कार्यक्रम, रात्री आठला दुसरा, दोन्ही मिळून चाळीसेक हजार माणसं. बहुतेक पोरं आलीयत बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनला बघायला. आणि मंचावर आधी येऊन बसतात कोण? सतारीवर पंडित रविशंकर, सरोदवर उस्ताद अली अकबर खाँ, तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती.

आता सतार म्हणजे तरफेच्याच, म्हणजे मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या, दहा-बारा तारा. वरून मंचावरचे दिवे तापलेले. सूर हलणारच. मंडळींनी शांतपणे वाद्यं लावून घेतली. दीड-एक मिनिट टुणटुण चाललं, थांबलं... आणि अख्ख्या गार्डनमध्ये टाळ्यांचा कडकडाट! त्यांना वाटलं, झाला की पहिला आयटम. रविशंकरांनी माइक धरला आणि म्हणाले, की वाद्यं लावणं तुम्हाला एवढं आवडलं असेल, तर वाजवणं त्याहून जास्त आवडेल अशी आशा आहे. हे सगळं रेकॉर्डवर आहे. नंतर कुणी ते कापलं नाही, हे मला फार आवडतं. टोमणा आहे, पण किती सभ्य!

[स्क्रीनवर : 1971 चा नकाशा, पूर्व पाकिस्तान आणि भारताची सीमा]

हा कार्यक्रम कशासाठी होता? नोव्हेंबर 1970 मध्ये पूर्व पाकिस्तानात, म्हणजे पूर्व बंगालात, आजच्या बांगलादेशात, भयानक चक्रीवादळ आलं. पाठोपाठ मार्च 1971 मध्ये लष्करानं तिथल्याच लोकांवर हत्यारं उगारली. लाखो निर्वासित सीमा ओलांडून भारतात येत होते. वर्षअखेर तो आकडा एक कोटीच्या घरात गेला. रविशंकरांचं घराणं मूळचं तिकडचं, जेसोर भागातलं. अली अकबर तर जन्मलेच तिकडे, शिवपूर गावात. म्हणजे मंचावर बसलेल्यांसाठी ही घरची गोष्ट होती.

रविशंकरांनी हॅरिसनला गाठलं. हा त्यांचा शिष्य. 1966 साली सतार शिकायला मुंबईत येऊन राहिला होता. रविशंकरांच्या मनात होतं, एखादा कार्यक्रम करू, 25 हजार डॉलर जमले तरी पुष्कळ. हॅरिसन म्हणाला, करायचं तर मोठंच करू. पाचेक आठवडे फोनवर फोन. तारखेचं म्हणाल तर ज्योतिषालाही विचारलं होतं, आणि गार्डनही नेमकं 1 ऑगस्टलाच मोकळं होतं! रिंगो स्टार आला, एरिक क्लॅप्टन आला, बिली प्रेस्टन, लिऑन रसेल आले. बॉब डिलनचं मात्र शेवटपर्यंत नक्की नव्हतं. हॅरिसननं गाण्यांची यादी गिटारीला चिकटवली होती, त्यात लिहिलं होतं ‘बॉब’ आणि पुढे प्रश्नचिन्ह. वळून बघतो तर डिलन गिटार घेऊन तयार.

तिकिटांचे सुमारे 2 लाख 43 हजार डॉलर युनिसेफला गेले. खरी कमाई पुढे रेकॉर्ड आणि सिनेमातून झाली, पण ती अमेरिकेच्या करखात्यात वर्षानुवर्षं अडकली, कारण कार्यक्रमाआधी धर्मादाय म्हणून रीतसर नोंदच झाली नव्हती. पुढे असे कार्यक्रम करणाऱ्यांनी आधी कागद नीट केले, ते या ठेचेमुळेच.

आता जगभरच्या लेखांत या कार्यक्रमाला ‘अशा प्रकारचा पहिला’ म्हणतात. एवढ्या थाटाचा रॉक कार्यक्रम म्हणून ठीक आहे. पण गाऊन बंगालसाठी मदत गोळा करणं? ते रविशंकरांनी तरुणपणी मुंबईत जवळून पाहिलं होतं.

1943 चा बंगालचा दुष्काळ. लाखो माणसं अन्नावाचून गेली. त्याच वर्षी मुंबईत इप्टा ही डाव्या विचारांच्या कलावंतांची संघटना सुरू झाली आणि तिची पथकं गावोगाव गाणी-नाटकं करत बंगालसाठी झोळी फिरवू लागली. पंचविशीतले रविशंकर पुढे याच इप्टाच्या पथकात संगीत द्यायला आले. ‘सारे जहाँ से अच्छा’ची आज आपण म्हणतो ती चाल त्यांनी त्याच दिवसांत बांधली.

आणि याच मुंबईत, डफ-तुणतुण्यावर, बंगालच्या दुष्काळाचा पोवाडा कुणी रचला? अण्णाभाऊंनी! ‘बंगालची हाक’. 1944 साली अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर त्यांनी लालबावटा कलापथक काढलं. गिरणगावच्या कामगाराला कलकत्त्याची भूक आपली वाटावी, हे काम त्या पोवाड्यानं केलं. न्यूयॉर्कच्या कार्यक्रमाआधी दोन वर्षं, जुलै 1969 मध्ये, अण्णाभाऊ गेले. तारखा जुळल्या हा निव्वळ योगायोग, त्यात मी काही शोधत नाही. पण न्यूयॉर्कची गोष्ट सांगताना मुंबईचं हे प्रकरण गाळायचं, हे मला पटत नाही.

आता दुसरी गोष्ट, झटपट. 1 ऑगस्ट 1981, मध्यरात्री 12 वाजून 1 मिनिट. अमेरिकेत एमटीव्ही सुरू, दिवसभर गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारं चॅनल. पहिलंच गाणं बगल्स या बँडचं, व्हिडिओनं रेडिओवरच्या गायकाला संपवलं अशा अर्थाचं. गंमत म्हणजे न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये ते चॅनल दिसतच नव्हतं. कंपनीची माणसं स्वतःचं चॅनल बघायला नदीपलीकडे न्यू जर्सीत गेली होती! म्हणे इथून लोक गाणं ‘बघायला’ लागले.

बरं! मग आपले भगवानदादा काय करत होते? जन्म 1 ऑगस्ट 1913. गिरणी कामगाराचा मुलगा. 1951 चा त्यांचा सिनेमा ‘अलबेला’, संगीत सी. रामचंद्रांचं. त्यातली गाणी बघायला माणसं परत परत तिकीट काढत, आणि दादांची ती पावलं गणपतीच्या मिरवणुकीत आजही पडतात. अमिताभपासून गोविंदापर्यंत सगळ्यांच्या नाचात दादा दिसतात. एमटीव्हीच्या तीस वर्षं आधी!

आज अलबेलाची गाणी लावाल, तेव्हा दादांवरून एकदा नजर काढा आणि मागच्या बँडकडे बघा. त्यात ट्रम्पेट धरलेला माणूस म्हणजे गोव्याच्या हळदोण्याचा चिक चॉकलेट. खरं नाव अँटोनिओ झेवियर वाझ. सी. रामचंद्रांचा साहाय्यक, आणि मुंबईच्या जॅझमधलं बडं नाव. त्याच्यावर एक अख्खा व्हिडिओ करायचाय. तुमच्या घरात त्या काळातली एखादी तबकडी असेल, तर लेबलचा फोटो पाठवा, त्यात दाखवू.