आडवा मोबाईल आणि टेक्सची पट्टी

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

३० सप्टेंबर १९४८ रोजी इटलीतल्या वृत्तपत्रांच्या टपऱ्यांवर १५ लिरांना एक चिटुकली पुस्तिका विकायला आली. रुंदी साधारण साडेसोळा सेंटिमीटर, उंची आठ. चेकबुकासारखी आडवी, आणि प्रत्येक पानावर चित्रांची एकच पट्टी. कथा जान लुईजी बोनेल्लींची, चित्रं आउरेलिओ गालेप्पिनी ऊर्फ गालेप यांची, नायक टेक्स विलर. आधी त्याचं आडनाव ‘किलर’ ठरलं होतं. ते बदललं हे बरंच झालं.

आता खिशातला मोबाईल काढा आणि आडवा धरा. साडेसहा इंची असेल तर पडदा भरतो सुमारे १५ बाय ६.८ सेंटिमीटर. म्हणजे जवळजवळ तीच पुस्तिका! इटालियन वेस्टर्न कॉमिक्स, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेतल्या घोडे-पिस्तुलांच्या चित्रकथा, मोबाईलवर नीट वाचता येत नाहीत अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती करणारे बहुतेक जण मोबाईल उभा धरून अख्खं पान बघत असतात.

पानाचा आकार कुठून आला ते आधी पाहू. या पट्ट्यांच्या पुस्तिका १९६७ पर्यंत निघत राहिल्या. दरम्यान त्याच पट्ट्या तीन-तीन एकाखाली एक लावून १६ बाय २१ सेंटिमीटरचे जाड अंक निघू लागले. आज चालू असलेली मालिका ऑक्टोबर १९५८ मध्ये ‘ला मानो रोस्सा’ या अंकापासून सुरू झाली. पानावर तीन पट्ट्या, पट्टीत साधारण दोन चौकटी: हा ‘बोनेल्ली साचा’ पुढे झागोर, केन पार्कर, माजिको वेंतो अशा मालिकांनी उचलला. पण हिशेब पट्टीचाच. कथेचा श्वास पट्टीच्या शेवटी सुटतो, पानाच्या नाही. सुरुवातीच्या अंकांत तर दर थोड्या पानांनी कुणीतरी कड्यावरून लोंबकळताना दिसतं, कारण मूळ पुस्तिका तिथे संपत होती.

आता पडद्यांचा हिशेब. १०.२ इंची आयपॅडचा पडदा साधारण २०.८ बाय १५.६ सेंटिमीटर. १६ बाय २१ चं पान त्यावर ९७ टक्के आकारात बसतं. इतका चपखल मेळ अमेरिकन कॉमिक्सना मिळत नाही, त्यांचं पान जास्त लांबट असतं. सोळास दहा प्रमाणाच्या दहा इंची टॅब्लेटवर मात्र रुंदी साडेतेरा सेंटिमीटरच मिळते. पान ८४ टक्क्यांवर येतं आणि वर-खाली काळ्या पट्ट्या उरतात. समास कापायची सोय चालू केली की ही तूट भरून निघते.

उभ्या मोबाईलवर पान ४२ टक्क्यांवर येतं. संवादाच्या फुग्यातलं अडीच मिलिमीटरचं अक्षर एक मिलिमीटरचं होतं. मग माणूस दोन बोटांनी मोठं करतो, सरकवतो, पुन्हा लहान करतो, आणि अकराव्या पानावर कंटाळतो. यावर उपाय म्हणून काही ॲप एकेक चौकट आपोआप पुढे आणतात. अमेरिकन कॉमिक्सला ते चालतं. इथे एका चौकटीत टेक्सचा दोस्त कार्सन बोलतो आणि शेजारच्या चौकटीत टेक्स भुवई उंचावतो. दोन्ही एकदम दिसले नाहीत तर विनोद गेला.

म्हणून पट्टी. ॲपमध्ये चार गोष्टी करा. मोबाईल आडवा ठेवून फिरणं बंद करा. ‘रुंदीला बसवा’ निवडा. समास आपोआप कापणं चालू करा. आणि टॅप केल्यावर आधीच्या दृश्याचा किती भाग पुढच्यात पुन्हा दिसतो, म्हणजे ओव्हरलॅप, तो तपासा. इथेच बहुतेकांचं बिनसतं. बऱ्याच ॲपमध्ये तो दहा टक्क्यांच्या आसपास असतो. वर सांगितलेल्या पडद्यावर एक पट्टी साधारण साडेसहा सेंटिमीटर उंच येते. दहा टक्के ओव्हरलॅपने दर टॅपला पान ६.१ सेंटिमीटरच सरकतं. दुसऱ्या दृश्यात वरच्या पट्टीचे बूट दिसतात, तिसऱ्यात खालच्या पट्टीचा तळ कापला जातो, आणि पान संपवायला चौथा टॅप लागतो. ओव्हरलॅप तीन टक्क्यांवर आणा. तीन टॅप, तीन पट्ट्या. टेक्सच्या ११० पानांच्या अंकात ११० टॅप वाचले. कॅमेऱ्याची खाच डाव्या कडेला असेल तर पहिल्या चौकटीतला निवेदनाचा मजकूर खाते. मोबाईल उलट्या बाजूने आडवा करा.

ॲपमध्ये ही सोय नसेल तर पानंच कापून ठेवायची. आधी समास छाटा, मग उंचीचे तीन भाग करा, पण काटेकोर तिसरा हिस्सा नको. प्रत्येक तुकड्याला वर-खाली दोनेक टक्के जास्त घ्या, कारण जुन्या अंकांत पट्ट्या हाताने चिकटवलेल्या आहेत आणि एका रेषेत नाहीत. पुढच्या काळातल्या चित्रकारांनी कधी कधी दोन पट्ट्यांची मिळून एक उभी चौकट केली. तसलं पान कापू नका.

फाइलींबद्दल थोडक्यात. सीबीझेड ही कॉमिक्सची फाइल म्हणजे दुसरं काही नाही, झिप फाइलचं नाव बदललेलं. आत चित्रं असतात आणि वाचक ॲप ती नावाच्या क्रमाने दाखवतं. नावं १, २, ३ अशी दिली तर काही ॲप १ नंतर १० आणि मग २ दाखवतात. तीन अंकी नावं द्या, ००१ पासून. सीबीआरमध्ये झिपऐवजी आर-ए-आर असतं. काही ॲप ते उघडत नाहीत, तेव्हा बदलून सीबीझेड करून ठेवलेलं बरं.

काळ्या-पांढऱ्या अंकांना ई-इंक पडदा शोभतो. पण ६.८ इंची किंडलवर पान ६५ टक्क्यांवर येतं, समास कापून पाऊणपट. चालतं, पण जोव्हान्नी तिच्ची यांच्यासारख्या चित्रकाराची बारीक रेघांची छाया तिथे बिघडते. दोन पिक्सेलची रेघ लहान होताना सव्वा पिक्सेलची होते. पडद्याला सव्वा पिक्सेल काढता येत नाही, म्हणून काही रेघा जाड, काही फिक्या पडतात आणि घोड्याच्या पोटावर लाटा उमटतात. उपकरणाला चित्र लहान करायला लावू नका. संगणकावरच त्या पडद्याच्या नेमक्या पिक्सेलमध्ये, लांझोस (Lanczos) या चित्र लहान करण्याच्या पद्धतीने लहान करून मग चढवा. जेपीजीचा दर्जा फार खाली नेला तर काळ्या रेघेभोवती धुरळा उठतो. दर्जा ८५ च्या खाली नेऊ नये.

स्वतःचा अंक स्कॅन करणाऱ्यांसाठी: ग्रेस्केल, ६०० डीपीआय. शेवटची फाइल ३०० ची केली तरी चालेल, म्हणजे साधारण १८९० बाय २४८० पिक्सेल, पण पकडताना ६००. स्कॅनरचा ‘मजकूर’ मोड टाळा. तो बारीक रेघा पुसतो आणि ब्रशच्या काळ्या भागाचा डाग करतो. कागद पातळ असतो, मागच्या पानाची पिस्तुलं पुढे दिसतात. पानामागे काळा कार्डपेपर ठेवा, पांढरा नव्हे. पांढरा कागद प्रकाश परत फेकतो आणि मागची छपाई उठून दिसते. पिवळटपणा चित्र-संपादनाच्या ॲपमधल्या ‘लेव्हल्स’ने घालवा, पण पांढरा बिंदू फार ओढलात तर कोरड्या ब्रशचे फटकारे उडतात. आणि जुना चिकटबांधणीचा अंक काचेवर दाबून सपाट करू नका. सुकलेला गोंद तडकतो आणि पानं सुटतात. तो काटकोनात उघडून वरून फोटो घ्या.

‘इतकं जुनं आहे, म्हणजे फुकटच असणार’ हे चूक. गालेप १९९४ मध्ये गेले, बोनेल्ली २००१ मध्ये. इटलीत लेखक-चित्रकारांपैकी शेवटच्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतात. पहिला टेक्स २०७१ अखेरपर्यंत हक्कांत आहे. अधिकृत डिजिटल आवृत्ती घ्या, किंवा घरचा अंक घरात वाचा.

आवृत्ती घेताना ती कुठल्या पुनर्मुद्रणावरून केली आहे ते पाहा. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इटालियन प्रकाशकांनी स्वतःवरच नैतिकतेची चाळणी लावली होती. पुनर्मुद्रणात बायकांचे कपडे लांब झाले, संवाद मवाळ झाले. नंतरच्या काही आवृत्त्यांनी मूळ चित्रं परत आणली. २००७ पासून वर्तमानपत्रासोबत निघालेली रंगीत मालिका देखणी आहे, पण गालेप यांनी काळोख रेघांनी भरला होता. त्यावर रंग चढला की रात्र रंगपंचमीसारखी दिसते. आमची शिफारस काळ्या-पांढऱ्याचीच. एक सवय लावून घ्या: टेक्सची कथा अंकासोबत संपत नाही. ती एका अंकाच्या मध्यात सुरू होऊन पुढच्याच्या मध्यात संपू शकते, आणि मुखपृष्ठावरचं नाव अख्ख्या कथेचं असतंच असं नाही. सुटा अंक घ्यायच्या आधी कथा कुठून कुठवर आहे ते बघा.

राहिली भाषा. तमिळ वाचकांचं बरं आहे, शिवकाशीच्या लायन-मुथु कॉमिक्सने टेक्स कधीच तमिळमध्ये आणला. बाकीच्यांनी भाषांतरासाठी मोबाईलचा कॅमेरा फुग्यावर धरला की गडबड होते. अक्षरं हाताने काढलेली, सगळी मोठी, आणि शब्द ओळीअखेर तोडलेले. कॅमेरा दर ओळ वेगळं वाक्य समजतो. फुग्यातला मजकूर एका ओळीत टाइप करा, तुटलेले शब्द जोडा, मग भाषांतर मागा.

आणि इंग्रजीमार्गे जाऊ नका. या कॉमिक्समध्ये अनोळखी माणसं एकमेकांना ‘व्होई’ म्हणतात आणि दोस्त ‘तू’. इंग्रजीत दोन्ही एकच होतात. मराठीत ‘तुम्ही’ आणि ‘तू’ जसेच्या तसे बसतात. योगायोग असा की इटालियन ‘तू’ही आपला ‘तू’च. शेरीफशी बोलताना टेक्स ‘तुम्ही’वरून ‘तू’वर घसरला की समजावं, पुढच्या पट्टीत कुणाचा तरी जबडा हलणार आहे. कार्सनला तो ‘वेक्क्यो काम्मेल्लो’ म्हणतो. यंत्र प्रामाणिकपणे ‘म्हातारा उंट’ लिहितं. तिथे ‘अरे म्हाताऱ्या’ वाचावं.

पट्टीची युक्ती दोन ठिकाणी हरते. १९८८ पासूनचे मोठ्या आकाराचे टेक्सोने, विशेषतः माग्नुस यांनी सात वर्षं खपून काढलेला १९९६ चा अंक. त्यात प्रत्येक गवताची पात वेगळी आहे, दहा इंचांखाली तो उघडूच नये. आणि १९७७ मध्ये सुरू झालेला बेरार्दी-मिलाझ्झो यांचा केन पार्कर. मिलाझ्झो अर्धी रेघ काढून सोडतात, बाकी कोऱ्या कागदावर सोपवतात, आणि पानं पानं कुणी बोलत नाही. तिथे समास कापणंसुद्धा बंद ठेवा. ॲप कोऱ्या बर्फाला समास समजून छाटून टाकतं.