स्टील गिटारला अ‍ॅम्प कुठला लावायचा?

पेडल स्टील म्हणजे आडवी ठेवून, तारांवर धातूचा दांडा सरकवत वाजवायची आणि पायाच्या पेडलने तारांचा सूर बदलणारी गिटार. ती वाजवणाऱ्याच्या उजव्या पायाकडे आधी बघा. तार छेडताना व्हॉल्युम पेडल अर्धंच दाबलेलं असतं, आणि सूर विरायला लागला की पाय हळूहळू खाली जातो, त्यामुळे ऐकताना वाटतं हा सूर संपतच नाहीये. पेडल स्टीलची सगळी जादू इथेच आहे आणि त्यासाठी अ‍ॅम्पमध्ये ताकद शिल्लक असावी लागते. साध्या गिटारला अ‍ॅम्प थोडा फाटला, म्हणजे आवाज खरखरीत झाला, तर मजा येते, इथे उलटं, तीन तारांचा कॉर्ड चालू असतो, त्यातल्या एकाच तारेचा सूर, सूर बदलायच्या दुसऱ्या पेडलने, वर सरकत असतो, आणि नेमका तेव्हा अ‍ॅम्प फाटला तर सगळ्याचा नुसता गाळ होतो.

म्हणून स्टीलवाले आधी वॉट विचारतात. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब 1963 चा, 85 वॉट, 12 इंची दोन स्पीकर. त्याच्या रिव्हर्बला, म्हणजे घुमणाऱ्या आवाजाला, तोड नाही, पण ट्रेबल कमी केला नाही तर वरच्या तारा कानात टोचतात आणि वजन जवळपास 29 किलो, म्हणजे जिना चढायचा असेल तर सोबत कुणीतरी लागतंच.

आता हा पीव्हीचा नॅशव्हिल 400. ट्यूब (काचेचे जुने व्हॉल्व्ह) नाही, सॉलिड स्टेट म्हणजे ट्रान्झिस्टरवाला, 210 वॉट, एकच 15 इंची स्पीकर. हे दोन नॉब जवळून बघा, मिड आणि शिफ्ट: मिड मधल्या पट्टीचा आवाज कमीजास्त करतो, शिफ्ट ती पट्टी नेमकी कुठे ते ठरवतो. शिफ्ट 800 हर्ट्झच्या आसपास ठेवायचा आणि मिड कमी करायचा, बास, स्टीलचा तो नाकातला आवाज गेला! हा नॉब म्हणजे स्टीलवाल्यांचं दुखणं ओळखून दिलेलं औषध आहे, मला तरी तसंच वाटतं. आणि 15 इंच कशाला? तर सी सिक्स्थ या ट्यूनिंगची (तारा लावायची एक पद्धत) सगळ्यात खालची तार साधारण 65 हर्ट्झला वाजते, साध्या गिटारची 82 ला, तो खालचा सूर भरीव यायला मोठा स्पीकर हवा.

पण तुम्ही फक्त ई नाइन्थ हे दुसरं ट्यूनिंग वाजवत असाल तर नॅशव्हिल 112 घ्या, 80 वॉट, 12 इंची, उचलायला खूपच सोपा, माझं मत यालाच. क्विल्टरचा टोन ब्लॉक 200 तर 200 वॉटचा असून जेमतेम 2 किलोचा, क्लास डी या हलक्या सर्किटची कमाल, फक्त स्पीकर कॅबिनेट वेगळं लागतं.

मांडीवर ठेवून वाजवायच्या, पेडल नसलेल्या लॅप स्टीलचं गणित निराळं, तिथे छोटा ट्यूब अ‍ॅम्प थोडा फाटलेलाच गोड लागतो.

अ‍ॅम्प बघायला जाताना स्वतःचं व्हॉल्युम पेडल घेऊन जा, आणि बाराव्या फ्रेटच्या वर वरच्या तारा मोठ्या आवाजात वाजवून बघा, टोचतोय का ते तिथेच कळतं.