सुटकेनंतरचा दिवस

(दृश्य: वास्को, बायणा किनारा. मागे मुरगाव बंदराच्या क्रेन.)

बंदरावरचे खलाशी, ट्रकचालक, खनिजाच्या हंगामात येणारे मजूर. त्यांच्या पैशावर बायण्याच्या या किनाऱ्यावर वर्षानुवर्षं कुंटणखाने चालले. तिथल्या पुष्कळ बायका आंध्र आणि कर्नाटकातून आणलेल्या होत्या. 2003 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने हा धंदा बंद करण्याचा आदेश दिला आणि बायकांच्या पुनर्वसनाचंही सांगितलं. जून 2004 मध्ये, पावसाळा सुरू झालेला असताना, इथे बुलडोझर फिरले. खोल्या पडल्या. बायका कुठे गेल्या?

काही गावी परतल्या, बाकीच्या पांगल्या. धंदाही पांगला: लॉजवर, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, मसाज पार्लरमध्ये आणि आता मोबाइलवर. बायण्यात निदान कुठे शोधायचं हे ठाऊक होतं.

(दृश्य: मडगाव, रेल्वे स्टेशन. उतरणारे प्रवासी.)

मुलांच्या बाबतीत मात्र गोव्याने स्वतःचा कायदा केला, आणि त्याचं श्रेय राज्याला द्यायलाच हवं. त्यामागे मोठी जखम होती. 1991 मध्ये मडगावात फ्रेडी पीट्स पकडला गेला. मुलांसाठी वसतिगृह चालवणारा हा माणूस त्याच मुलांना परदेशी गिऱ्हाइकांच्या हवाली करत होता. 1996 मध्ये त्याला जन्मठेप झाली. पुढे 2003 मध्ये गोवा बाल कायदा आला.

या कायद्याने जबाबदारी पोलिसांपुरती ठेवली नाही. कुटुंबीय किंवा नातेवाइकांसोबत नोंद झाल्याशिवाय कोणत्याही मुलाला हॉटेलच्या खोलीत जाऊ द्यायचं नाही. मुलांचं अश्लील छायाचित्र धुवायला आलं, तर स्टुडिओवाल्याने जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचं. तेव्हा रोलचा जमाना होता! आणि अशा खटल्यांसाठी स्वतंत्र बाल न्यायालय. हॉटेलच्या काउंटरवर बसणाऱ्या पोराला कायद्यात जागा देणं, हे पर्यटनावर जगणाऱ्या राज्याचं शहाणपण आहे. आजही रिसेप्शनवरच्या प्रत्येकाला ही तरतूद तोंडपाठ हवी.

(दृश्य: रात्रीचा रस्ता. पोलीस जीप.)

मुलगी अठरा वर्षांची झाली की चित्र बदलतं. तिच्यासाठी मुख्य आधार 1956 चा केंद्राचा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, ज्याला सगळे 'पिटा' म्हणतात. कुंटणखाना चालवणं, दलाली करणं, बाईच्या कमाईवर जगणं हे त्यात गुन्हे आहेत. धाड टाकताना दोन महिला पोलीस सोबत लागतात. पंचांमध्येही किमान एक बाई असावी लागते. पण याच कायद्यात गिऱ्हाइकाला खुणावणाऱ्या बाईलाही शिक्षा आहे. फसवून आणलेल्या बाईला पोलिसांची भीती का वाटते, ते यावरून समजावं.

धाडीची बातमी आपण वाचतो: 'अमुक मुलींची सुटका'. त्यानंतर तिला दंडाधिकाऱ्यांसमोर नेतात. चौकशी होते, तिचं वय आणि घरची परिस्थिती पाहिली जाते, आणि तिला एक ते तीन वर्षं सुरक्षागृहात ठेवण्याचा आदेश निघू शकतो. तिने कोणताही गुन्हा केलेला नसतो, तरी दाराला कुलूप असतं. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन सज्ञान तरुणींच्या प्रकरणात स्पष्ट केलं की त्यांना मर्जीविरुद्ध असं डांबता येणार नाही. निकाल योग्यच. पण दार उघडल्यावर हातात काय? आधार कार्ड दलालाकडे राहिलेलं, घरी उधारी, आणि फोनवर तोच दलाल.

खटलेही इथेच ढासळतात. बाई परराज्यातली. तिला गावी धाडलं, की काही वर्षांनी समन्स निघतं तेव्हा पत्ता बदललेला, गावात बोभाटा नको म्हणून ती गप्प. साक्ष नाही, म्हणून आरोपी सुटतो. तिच्या जिल्ह्यातल्या न्यायालयात बसून व्हिडिओवरून साक्ष देण्याची सोय आहे. ती दर खटल्यात वापरायला काय हरकत आहे?

(दृश्य: धुलाई केंद्र. यंत्रं, इस्त्री, चादरींच्या घड्या.)

वास्कोत 1997 पासून काम करणाऱ्या 'अर्ज', म्हणजे अन्याय रहित जिंदगी, या संस्थेने वेगळी वाट धरली. 'स्विफ्ट वॉश' नावाचं धुलाई केंद्र काढलं, जिथे या धंद्यातून बाहेर पडलेल्या स्त्रियांना पगारी नोकरी मिळते. शिवणकाम आणि पापडांच्या पलीकडे कुणीतरी विचार केला, याचं मोल मोठं आहे. दर महिन्याला पगार आला, की दलालाचा फोन न उचलण्याची ताकद येते. असं एक केंद्र संस्थेने उभं करायचं, आणि राज्याने?

राज्याच्या हातात एक गोष्ट आजच आहे: पीडितांसाठीची भरपाई. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मागणी करता येते. आरोपी सापडला नसला, खटला उभा राहिला नसला, तरीही. प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करायची असते. सुटकेच्या पहिल्याच आठवड्यात सुरक्षागृहातच हे कागद भरून घेतले पाहिजेत, तिला समजेल अशा भाषेत, तेलुगू असो की बंगाली.

(पडद्यावर: संशय आल्यास 112. मुलांसाठी 1098.)